पेट्रोल संपतंय आणि काटा वर चढतोय!

डोकं फिरलंय, आणि हे लिहून काढल्याशिवाय ते ठिकाणावर येणार नाही. स्पोर्ट्स कारमध्ये नवा फ्युएल गेज, म्हणजे टाकीत किती पेट्रोल आहे ते दाखवणारा काटा, बसवला. वायरिंग स्वच्छ, फ्यूज बरोबर, अर्थिंगची वायर रंग खरवडून थेट बॉडीला जोडलेली. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. चावी फिरवली तर काटा अर्ध्याच्या जेमतेम वर येऊन थांबला. बरं, म्हटलं गाडी चालवून बघू. तर पेट्रोल जसजसं कमी होत गेलं तसतसा काटा वर सरकायला लागला. चक्क वर! म्हणजे टाकी कोरडी पडेल तेव्हा हा ‘फुल’ दाखवणार. असल्या गेजपेक्षा डॅशबोर्डला नुसतं भोक असलेलं परवडलं, निदान ते खोटं तरी बोलत नाही.

आणि याचं कारण काही गूढ नाही, म्हणूनच राग जास्त आहे. टाकीत पेट्रोलची पातळी मोजणारा सेंडर असतो, त्याला एक फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, असतो. तो वरखाली झाला की सेंडरचा विद्युत रोध (ओहममध्ये मोजतात तो) बदलतो आणि गेज तो रोध वाचतो. बास, एवढंच. पण रिकाम्या टाकीला किती ओहम आणि भरलेल्या टाकीला किती, यावर या धंद्यात कुणाचं कुणाशी जमलेलं नाही. जनरल मोटर्सच्या (जीएम) पद्धतीत रिकामी 0, भरलेली 90. बाजारात मिळणारे बरेच गेज 240 रिकामी, 33 भरलेली या हिशोबाचे. जुन्या फोर्डमध्ये साधारण 73 रिकामी, 10 भरलेली, आणि नंतरच्या फोर्डमध्ये उलट करून 16 ते 158. युरोपातल्या व्हीडीओ (VDO) या गेज बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत 10 रिकामी, 180 भरलेली. काहींचा रोध टाकी भरताना वाढतो, काहींचा घटतो. माझा सेंडर 0 ते 90 चा, गेज 240 ते 33 चा. असा गेज शंभरेक ओहमला अर्धी टाकी दाखवतो, म्हणून 90 ला काटा अर्ध्याच्या जरा वर. पुढे रोध शून्याकडे गेला की काटा फुलच्याही पलीकडे आपटणार.

आता मला सांगा, हे दोन आकडे खोक्यावर छापायला काय होतं? खोक्यावर रेसिंगच्या पट्ट्या आहेत, बॅकलाइट किती रंगांत येतो ते आहे, ‘सर्व गाड्यांसाठी’ हे तर भल्या मोठ्या अक्षरांत आहे. ओहम मात्र आतल्या घडीच्या कागदावर, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. विक्रीच्या पानावर तर त्याचा पत्ताच नाही. डायल 52 मिलिमीटरचा आहे हे तीनतीनदा लिहितात, आणि ज्या एका गोष्टीवर गेज चालणार की नाही हे ठरतं तीच गाळतात!

विक्रेत्याचं उत्तर काय, तर “मग सेंडर बदलून टाका.” बल्ब बदलायला सांगावं तसं! हल्लीच्या गाड्यांत पंप आणि सेंडर एकाच असेंब्लीत असतात, ती अख्खी उपसावी लागते. सुटा सेंडर घेतला तर टाकीच्या खोलीप्रमाणे दांडा मापून कापा, फ्लोट तळाला किंवा पंपाला घासत नाही ना ते बघा, नवं गॅस्केट लावा, आणि हे सगळं पेट्रोलच्या वाफेत, जिथे एक ठिणगीही चालत नाही. दुसरा शहाणा म्हणतो, जुन्या गेजच्याच वायरला जोड द्या, दोन्ही चालतील. अजिबात चालत नाहीत! प्रत्येक गेज त्याच सेंडरमधून आपापला करंट पाठवतो. एका वायरवर दोन लावले की दोन्ही चुकीचं दाखवतात, आणि डॅशबोर्डवरच्या मूळ क्लस्टरमधला रिझर्व्हचा दिवाही बिघडतो तो वेगळाच.

“थोडं इकडेतिकडे दाखवलं तर काय बिघडतं” म्हणणाऱ्यांनी आधी ऐकून घ्या. टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, कोरडा फिरला की त्याचं आयुष्य संपतं. स्पोर्ट्स कारची टाकी बहुतेक वेळा बसकी आणि पसरट असते. काहींत तर ती प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना खोगिरासारखी विभागलेली, दोन बाजूंना दोन फ्लोट. पेट्रोल कमी असताना जोरात वळण घेतलं की सगळं एका बाजूला धावतं आणि पंप हवा ओढतो. टर्बो इंजिनात हवा जोरात कोंबली जात असताना, ऐन बूस्टवर, मिश्रण असं पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन जातात. मला किती पेट्रोल उरलंय हे नक्की माहीत हवं, म्हणून तर गेज घेतला होता!

बरं, उपाय कधीचा निघालेला आहे. प्रोग्रॅम करता येणारे गेज मिळतात. टाकी रिकामी असताना बटण दाबा, भरल्यावर पुन्हा दाबा, तो तुमच्या सेंडरचे आकडे लक्षात ठेवतो. चांगल्या गेजमध्ये मधले टप्पेही देता येतात, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराच्या टाकीतही अर्धा म्हणजे अर्धाच. वळणावर काटा नाचू नये म्हणून डॅम्पिंगही, म्हणजे काटा सावकाश हलवायची सोयही, असते. घेणारे हो, हाच घ्या. ते जमत नसेल तर आधी सेंडरची वायर सोडवून ओहम मोजणारा मल्टिमीटर लावा, भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचे ओहम लिहून ठेवा, आणि विक्रेत्याकडून त्याच्या गेजचे आकडे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कारण नंतर काय होतं ते मी आत्ता भोगतोय. गेज परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, “वायर कापलेला माल परत घेत नाही.” अरे, ती वायर कापून जोडल्याशिवाय तुमचा गेज उलटा चालतो हे कळणार कसं होतं? आकडे तुम्ही लपवले, आणि भुर्दंड मी भरायचा?