बाक काढा, चिंता मिटवा

अभिनंदन! इंग्लंडातल्या कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या नगरपालिकेवर, निवडून येणं सोपं नाही; तिथले मतदार आधी पावसाचा अंदाज बघतात, मग उमेदवाराचं नाव. तुम्ही आलात. आता सहीची शाई वाळायच्या आत पहिली तक्रार येईल. स्टेशनसमोरच्या बाकावर एक माणूस दिवसभर बसतो, स्वतःशीच मोठमोठ्यानं बोलतो, गिऱ्हाइकं बिचकतात. ‘त्याला काय झालंय?’ असं चुकूनही विचारू नका. नवखे कौन्सिलर इथेच फसतात. असं विचारलं की उत्तर शोधावं लागतं, आणि सापडलं की त्यासाठी पैसे. ‘तो तिथेच का बसतो?’ असं विचारा. याचं उत्तर सोपं आहे: कारण तिथे बाक आहे.

तेव्हा बाक काढा. अगदीच जिवावर येत असेल, तर लंडनच्या कॅम्डेन कौन्सिलनं २०१२ साली बनवून घेतला तसला बसवा. काँक्रीटचा अखंड ठोकळा, सगळ्या बाजूंनी तिरपा. त्यावर आडवं होता येत नाही, स्केटबोर्ड घासता येत नाही, फटी नसल्यानं काही लपवता येत नाही आणि कोणी रंग फासलाच तर तो पुसून निघतो. बसता तेवढं येतं, पण फार वेळ बसावंसं वाटत नाही. सार्वजनिक सोयीकडून आणखी काय हवं?

दुकानासमोर घोळका करणाऱ्या पोरांसाठी निराळं यंत्र आहे. २००५ साली वेल्समधल्या मर्थर टिडफिलमध्ये ‘मॉस्किटो’ जन्माला आलं. त्यातून साधारण १७.४ किलोहर्ट्‌झचा कर्कश सूर निघतो आणि तो बहुधा पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू येतो. पुढच्याच वर्षी त्याच्या कर्त्याला शांततेचं पारितोषिक मिळालं. नोबेल नव्हे, नोबेलची टर उडवणारं इग नोबेल. बाबागाडीतल्या बाळालाही तो सूर ऐकू येतो म्हणतात, पण बाळं कौन्सिलला ईमेल करत नाहीत. २०१० नंतर इंग्लंडातल्या कौन्सिलांचा युवक सेवांवरचा खर्च दोन तृतीयांशांहून जास्त आटला, हे कोणी सभेत काढलं, तर शांतपणे सांगा की पोरं दुकानासमोर उभी राहतात, कारण तिथे दुकान आहे.

आता खरं हत्यार. २०१४ च्या कायद्यानं तुमच्या हातात ‘पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर’ दिली आहे. एखाद्या वागण्यामुळे परिसरातल्या लोकांचं जगणं बिघडतं असं कौन्सिलला वाजवी कारणांनी वाटलं, की त्या जागेपुरती त्यावर बंदी. वागणं अजून घडलेलं नसलं, नुसतं घडण्याची शक्यता असली तरी चालतं. आदेश तीन वर्षांपर्यंतचा, पुढे पुन्हा वाढवता येतो. मोडला तर मूळ कायद्यानुसार जागेवर १०० पौंडांपर्यंत दंड. कोर्टात गेलं तर हजारापर्यंत. दंडवसुली खासगी कंपनीकडे देऊन तिला त्यातला वाटा देणारी कौन्सिलं आहेत. ज्याच्याकडे अंथरूण सोडून काही नाही त्याच्याकडून १०० पौंड कसे निघणार, याची काळजी तुम्ही कशाला करता?

जनतेचं मत मागवावं लागतं, त्याला घाबरू नका. कौन्सिलला योग्य वाटतील त्या प्रतिनिधींना विचारायचं, असं कायदाच म्हणतो. ऑनलाइन फॉर्म ठेवा. बाकावरच्या माणसानं तो भरला नाही, म्हणजे त्याची हरकत नाही.

फक्त शब्द जपून वापरा. २०१५ साली लंडनच्या हॅकनी कौन्सिलनं आदेशात उघड्यावर झोपण्याचा सरळ उल्लेख केला, हजारोंच्या सह्यांचं निवेदन आलं आणि ते कलम मागे घ्यावं लागलं. २०१७ साली गृहखात्यानंही बजावलं की केवळ बेघर आहे म्हणून कोणावर असा आदेश लावू नका. त्यामुळे ‘झोपणे’ लिहू नका, ‘प्रवेशद्वार अडवणे’ लिहा. ‘बेघर’ लिहू नका, ‘बेवारस अंथरूण-पांघरूण’ लिहा. माणूस कागदावर आला की बोंब होते, सामान आलं की होत नाही.

जुन्याजाणत्यांचा अनुभवही गाठीशी असू द्या. १९९९ पासून लोकांना उपद्रव देणाऱ्यांविरुद्ध ‘अ‍ॅस्बो’ नावाचे कोर्टाचे आदेश निघत. २००३ साली मर्सीसाइडच्या ८७ वर्षांच्या एका आजोबांना शेजाऱ्यांशी उपरोधानं बोलायला कोर्टानं मनाई केली होती. (प्रस्तुत लेखक तिकडे घर घेण्याचा विचार सध्या करत नाही.) २००५ साली बाथ शहरात तर वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या एका स्त्रीला नद्या, कालवे आणि रेल्वेमार्ग यांत उडी टाकायला अशाच आदेशानं बंदी झाली. अ‍ॅस्बो मोडला तर जास्तीत जास्त पाच वर्षं कैद होती. मरण्याच्या इच्छेवर तुरुंगाची भीती हा उतारा कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकात आहे ते विचारू नका. निदान फाइल तरी बंद झाली.

राहिली रात्रीची भानगड. अमक्या मजल्यावरची बाई मध्यरात्री ओरडते, भिंतीवर डोकं आपटते. अशा वेळी शेजाऱ्याला तक्रारीची डायरी द्यायची, तिथली ती रीतच आहे. तारीख, आवाज सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आवाजाचं वर्णन आणि शेवटचा रकाना: ‘तुमच्यावर काय परिणाम झाला?’ शेजारी बिचारा घड्याळ लावून जागतो आणि लिहितो. ‘२.१०: किंकाळी. २.२५: कोणाची तरी माफी मागतेय, घरात दुसरं कोणी नाही. ३.४०: रडणं. परिणाम: मी कामावर उशिरा पोचलो.’ एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला अशी टिपणं मिळाली, तर तो हरखून जाईल. म्हणूनच ती त्याच्या हाती पडता कामा नयेत. ती पर्यावरण आरोग्य विभागात ध्वनिप्रदूषणाखाली लावायची. त्या बाईला ‘कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस’, म्हणजे उपद्रव थांबवण्याचा लेखी हुकूम, जाईल, उपचाराच्या तारखेच्या कितीतरी आधी. तिनं ती फोडून वाचली नाही, तर तोही असहकारच.

उपचारांचा विषय निघालाच, तर टोलवाटोलवीचा नकाशा पाठ असू द्या. बाकावरचा माणूस पितो. मानसोपचारवाले म्हणतात, आधी दारू सोडू दे, मग तपासू. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी मन ताळ्यावर येऊ दे, मग दारूचं बघू. पोलिस म्हणतात, हा गुन्हा नाही. २०२३ पासून ‘योग्य माणसाला योग्य सेवा’ असं धोरण आलंय, म्हणजे दर वेळी आम्हीच धावायचं असं नाही. गंभीर मनोविकार असलेल्या कोणाला केवळ व्यसनापायी उपचार नाकारू नयेत, अशी सरकारमान्य मार्गदर्शक सूचना २०१६ पासून आहे. पण ती मोडली म्हणून कोणाला जागेवर १०० पौंड दंड होत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि तुम्ही मधल्या चौकात फलक ठोकताय.

कौन्सिल मानसिक आरोग्यासाठी काही करतच नाही असं मात्र दिसू देऊ नका. मे महिन्यात जागृती सप्ताह असतो. हिरवी फीत लावा, टाउन हॉलवर हिरवा प्रकाश सोडा, ‘बोला, मोकळे व्हा’ असा संदेश टाका. कुठे आणि कोणाशी बोलायचं, ते लिहिलं नाही तरी चालतं. फोटो मात्र बागेत घ्या. स्टेशनसमोर घेतलात तर मागे बाकाचे उखडलेले बोल्ट दिसतील.

एक धोका आहे, तेवढा सांगून ठेवतो. सभेत एखादा वाचनवेडा कौन्सिलर झिम्बाब्वेचं नाव काढेल. हरारेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञानं २००६ साली उलटच केलं: दवाखान्याच्या आवारात बाक मांडले आणि वस्तीतल्या आज्यांना शिकवून त्यांवर बसवलं. पहिल्या चौदा होत्या. मन खचलेला माणूस येतो, आजीशेजारी बसतो, बोलतो, आणि अडचणींतली एखादी निवडून तिच्यावरचा तोडगा दोघं मिळून काढतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय चाचणीत त्याचा फायदा स्पष्ट दिसला. पुढे हा प्रकार इतर देशांतही पोचला. आता हे ऐकून सभागृह गलबलायच्या आत आरोग्य आणि सुरक्षिततेचा मुद्दा काढा. आजीबाई बाकावरून पडल्या तर विमा कोण भरणार? विषय समितीकडे पाठवला, की तो गेलाच म्हणून समजा.

वर्षभरात आकडे सुधारतील. बाकाबद्दलची तक्रार शून्य, कारण बाक शून्य. सुंठीवाचून खोकला गेला, असं अहवालात लिहायला हरकत नाही. मग एके दिवशी पलीकडच्या कौन्सिलमधून फोन येईल: आमच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हल्ली एक माणूस दिवसभर बसतो, स्वतःशीच बोलतो, तुमच्याकडे कधी असं झालं होतं का? कोड्यात पडू नका. आदेशाचा मसुदा तयारच आहे. जोडून पाठवा आणि सांगा, फक्त जागेचं नाव तेवढं बदला.