मांजराला चिप आहे, पण फोन लागत नाही

आत्ताच फोंड्याहून आले, हातपाय धुतले आणि लिहायला बसले, कारण हे नाही लिहिलं तर आज झोप लागणार नाही.

माझ्या मांजराची, तिसरीची, वर्षाची लस होती म्हणून दवाखान्यात गेले होते. माझ्यापुढे एक मुलगा होता, स्कूटरवरून पुठ्ठ्याच्या खोक्यात करडं पर्शियन मांजर घेऊन आलेला. बोरी पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला भिजत बसलं होतं म्हणाला. केसांच्या गाठी झालेल्या, एक डोळा चिकटलेला, पण माणसाळलेलं इतकं की डॉक्टरांनी हात लावल्याबरोबर घुरघुरायला लागलं. कातडीखाली ओळखीची चिप आहे का बघायला स्कॅनर फिरवला, टीं करून वाजला, चिपचे पंधरा आकडे आले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, म्हटलं चला, मिळालं घर. आणि चिपच्या कंपनीच्या नोंदीत बघितलं तर मालकाच्या जागी कुठल्यातरी पेट शॉपचं नाव, फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. संपलं! म्हणजे कुणीतरी पैसे देऊन ते मांजर घेतलं, सांभाळलं, आणि ती एक नोंद स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्यांना वेळ झाला नाही. वर्षानुवर्षं नाही झाला. त्या जिवाच्या कातडीखाली पंधरा आकडे आहेत आणि जगाच्या दृष्टीने ते अजून दुकानातला माल आहे.

मला इतका राग आला की मी तिथेच मोठ्याने बोलले. तो स्कूटरवाला मुलगा बिचारा उगाच घाबरला, त्याची काय चूक.

माझ्या यादीतल्या बहुतेकांना तिसरीची गोष्ट माहीत आहे, पण पूर्ण कुणालाच सांगितलेली नाही, आज सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, नरकासुराच्या रात्री ती पळाली. कवळ्यात आमच्या घरापासून जवळच नरकासुराचा पुतळा उभा केला होता, रात्रभर स्पीकर, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, आणि पहाटे फटाके लागले तशी ती मागच्या दारातून जी गेली ती गेली. गळ्यात पट्टा होता, तो दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या तारेला अडकलेला मिळाला. आम्ही शांतादुर्गेच्या तळीपासून रामनाथीपर्यंत पायी हिंडलो, पोदेराला (पाववाल्याला) सांगितलं, मासळीवालीला सांगितलं, खांबांवर फोटो लावले. मी मात्र सगळ्यांना सांगत होते, काळजी नाही, तिला चिप आहे. काय समाधान होतं मला त्या चिपचं!

तुळशीचं लग्न झालं, पौर्णिमा गेली, ती नाही. आणि ती होती कुठे, तर फर्मागुडीला एका खानावळीच्या मागच्या बाजूला, बांगड्याची डोकी खात. खानावळीतल्या बाईंनी (देव त्यांचं भलं करो) पहिल्याच आठवड्यात तिला एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे मानेवरून एकदा स्कॅनर फिरवला आणि सांगितलं, चिप नाही. झालं, ती बेवारशी ठरली.

चिप होती. फक्त घसरून पुढच्या पायाकडे आली होती. हे होतं, काही मांजरांच्या बाबतीत होतं, खांद्यांच्या मधे टोचलेली चिप कातडीखालून सरकते. ती असते तरी केवढी, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण बारा मिलिमीटर. तिच्यात बॅटरी नाही, काही नाही, स्कॅनर अगदी जवळ आला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. म्हणून स्कॅनर सावकाश फिरवायचा असतो, मान, पाठ, दोन्ही खांदे, खाली कोपरापर्यंत, दोन्ही अंगांनी, आणि नाही वाजला तर परत एकदा. एक मिनिट लागतं हो! एका मिनिटासाठी माझं मांजर आणखी बारा दिवस रस्त्यावर राहिलं. मान्य, दवाखान्यात गर्दी असते, हात दोनच असतात, मला दिसतं ते. तरीही.

पुढे त्याच बाईंना चैन पडेना म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे नीट तपासल्यावर नंबर आला. आणि मग फोन लागला नाही. का? कारण नोंदीत माझा जुना नंबर होता. कवळ्याला घरात रेंज यायची नाही म्हणून मी सिम बदललं होतं, बँकेला कळवलं, गॅसवाल्याला कळवलं, गावभर मेसेज केला. तिसरीच्या नोंदीत बदलायचं माझ्या मनातही आलं नाही. म्हणजे आज त्या पर्शियनच्या मालकांवर मी जी ओरडले, ते सगळं मलाही लागू आहे, आणि हे लिहिताना हात जड झालाय.

ती मिळाली ती कशी, तर त्या डॉक्टरांनी पंधराच्या पंधरा आकडे मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, ते माझ्या भाचीने बघितले, आणि तिने मला फोन करून म्हटलं मावशी, तिसरीच्या लशीच्या पुस्तकावर तो बारकोडचा स्टिकर आहे ना, तो वाच. मी वाचत गेले, ती जुळवत गेली. शेवटच्या चार आकड्यांना माझा आवाज बसला. खानावळीच्या दारात मला विचारलं, "बाय, हें माजर तुमचें?" मला उत्तर देता आलं नाही, तिसरीच पायाशी आली.

तेव्हा कृपा करून "आमच्या मांजराला चिप आहे, हरवलं तर मोबाईलवर दिसेल" हे बोलणं बंद करा. ते जीपीएस नाही, त्यात तुमचं नाव नाही, पत्ता नाही. नुसता आकडा. त्या आकड्यापुढे तुम्ही काय लिहून ठेवलंय एवढ्यावरच तुमचं मांजर घरी येणार. आणि आपल्याकडे तर ही कंपनी आपली वही ठेवते, ती कंपनी आपली, त्यामुळे आपली नोंद नेमकी कुठे आहे हे आपल्याला माहीत असायलाच हवं. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून मांजर 20 आठवड्यांचं व्हायच्या आत चिप सक्तीची आहे, नाहीतर 500 पौंडांपर्यंत दंड, आणि तुमची माहिती ताजी ठेवणं हेही त्याच कायद्यात आहे. त्यांना कळलं की नुसतं टोचून भागत नाही.

आपल्याकडून होणार नाही असं म्हणू नका. याच गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची पोरं जाळी घेऊन गावोगाव फिरली, कुत्र्यांना लसी दिल्या, प्रत्येक लशीची नोंद मोबाईलवर केली, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. रस्त्यावरच्या कुत्र्याची नोंद होते आणि तुमच्या सोफ्यावरच्या मांजराची होत नाही?

"आमचं मांजर घराबाहेर जातच नाही" म्हणणाऱ्यांना मी काय सांगू. तिसरीही जात नव्हती.

आणि ज्यांची मुलं मांजर घेऊन पोर्तुगालला निघालीत त्यांनी तर नीट ऐका. माझ्या मैत्रिणीच्या घरी रेबीजची लस आधी दिली आणि चिप पाच दिवसांनी. ती लस धरलीच नाही, कारण चिपच्या आधीची लस त्याच मांजराला दिली हे कशावरून? मग नवीन लस, तीस दिवस थांबा, रक्ताची तपासणी, रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबा. मुलगा पुढे गेला, मांजर इथे दाराकडे बघत बसलं. आधी चिप, मग लस. आणि कागदावरचे पंधरा आकडे स्वतः मोजा, दुसऱ्यावर सोडू नका.

बोक्यांसाठी आणि गावठी मांजरांसाठी हा खर्च सगळ्यांना परवडत नाही, हे खरंय. पण ज्यांनी खर्च केलाय त्यांना नोंद बदलायला किती वेळ लागतो?

आज तिसरीची लस झाल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, हिलाही स्कॅन करा. दर वर्षी करून घेते. डाव्या कोपराच्या वर वाजला, गेल्या वर्षी होता तिथेच. मग तिथेच उभं राहून कंपनीच्या साईटवर माझा नंबर, ह्यांचा नंबर आणि भाचीचा नंबर परत वाचला.

ते करडं मांजर अजून दवाखान्यातच आहे, पिंजऱ्यात टॉवेल घालून दिलाय, थोडं खाल्लंय. मोठं आहे, पिल्लू नाही, शेपटीचं टोक पांढरट. फोंडा, बोरी, शिरोडा, कुठूनही असेल. कुणाचं असेल तर मला मेसेज करा. चिपचा नंबर मी मुद्दाम इथे टाकत नाही, ज्यांचं असेल त्यांच्याकडे पुस्तकावर स्टिकर असेल, त्यांनी मला वाचून दाखवावा.