त्या भिंतीवरची निम्मी नावं

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा जावई वॉशिंग्टनला व्हिएतनाम मेमोरियल, म्हणजे व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांचं स्मारक, दाखवायला घेऊन गेला. अजून ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय, पोस्ट लांब होईल.

काळ्या ग्रॅनाइटची भिंत, इतकी गुळगुळीत की नावं वाचताना आपलाच चेहरा दिसतो. ५८ हजारांच्या वर नावं, हुद्दा नाही, गाव नाही, आणि जो ज्या दिवशी गेला त्या क्रमाने कोरलेली. मधे कोपरा आहे, तिथे भिंत आपल्या डोक्याच्या वर जाते, नावं तिथून सुरू होतात आणि उजवीकडे चालत गेलं की भिंत उतरत उतरत पार घोट्याएवढी होते. मग डाव्या टोकाला पुन्हा सुरू होऊन परत त्याच कोपऱ्यात १९७५ ला येऊन संपते. उजव्या टोकाला पोचलो तर जावई म्हणाला, "आई, हे मे १९६८. निम्मी नावं अजून पलीकडे आहेत."

मे १९६८! माझे तर पायच थांबले. कारण तोवर काय काय होऊन गेलं होतं बघा. जानेवारीच्या शेवटी ऐन टेटच्या सणात, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, व्हिएतकाँग (दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोर) आणि उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी अमेरिका ज्यांच्या बाजूने लढत होती त्या दक्षिण व्हिएतनामच्या शंभरावर शहरांवर एकदम हल्ले केले, राजधानी सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात घुसले. लष्करी हिशोबात ते हरले, प्रचंड माणसं गमावली, पण तिथल्या अमेरिकन फौजांचे प्रमुख जनरल वेस्टमोरलँड दोनच महिने आधी सांगत होते की शेवट दिसायला लागलाय, आणि लोक घरी बसून टीव्हीवर वेगळंच बघत होते. त्यानंतर आणखी २ लाख ६ हजार सैनिक मागितले गेले. बातम्या देणारा वॉल्टर क्रॉन्काइटसारखा माणूस, ज्याच्यावर अख्खा देश विश्वास ठेवायचा, टीव्हीवर म्हणाला की हे युद्ध कोंडीत अडकलंय. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी सांगून टाकलं की मी पुन्हा निवडणूक लढवणार नाही. मे महिन्यात पॅरिसला बोलणी सुरू झाली.

म्हणजे वरच्यांना कळलं होतं. संरक्षणमंत्री मॅकनमारांना तर त्याच्याही आधी कळलं होतं. आणि तरी निम्मी पोरं त्यानंतर गेली. पॅरिसला टेबल गोल हवं की चौकोनी यावर कित्येक आठवडे घालवले हो, आणि इकडे रोज शवपेट्या येत होत्या.

सगळे टेटला टर्निंग पॉइंट म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मतं वळली, युद्ध कुठे वळलं? जॉन्सननंतर आलेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सननी साडेपाच लाखाच्या आसपासचं सैन्य हळूहळू कमी केलं हे खरंय, मी नाकारत नाही. पण त्याच निक्सननी १९७० ला कंबोडियात फौजा घातल्या, त्याच्या विरोधात केंट स्टेट विद्यापीठात पोरं उभी राहिली तर नॅशनल गार्डनी तेरा सेकंद गोळीबार केला, चार विद्यार्थी मेले, आणि कितीतरी लोकांनी दोष पोरांनाच दिला. दुसऱ्या महायुद्धात लढलेला बाप एकीकडे आणि सैन्यात सक्तीच्या भरतीचं कार्ड जाळणारा मुलगा दुसरीकडे, घरंच्या घरं फाटली. आणि १९७३ च्या पॅरिस शांतता करारात मिळालं काय? उत्तरेच्या फौजा दक्षिणेत होत्या तिथेच राहिल्या. दोन वर्षांनी सायगाव पडलंच. इज्जत राखून बाहेर पडायचं म्हणून जी पाच वर्षं घेतली त्याचा हिशोब त्या डाव्या बाजूला कोरलेला आहे, माझं मत अगदी पक्कं आहे.

आणि व्हिएतनामी माणसांची नावं तर त्या भिंतीवर नाहीतच. ती लाखांनी गेली. एकट्या मायलाई गावात, जॉन्सनच्या त्या ३१ मार्चच्या भाषणाच्या पंधरा दिवस आधी, अमेरिकन सैनिकांनी ५०४ जण मारले असं तिथल्या स्मारकावर आहे, त्यात बायका, म्हातारी, तान्ही पोरं.

परत निघालो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ भिंतीशी गुडघे टेकून बसले होते. एका नावावर कागद धरून पेन्सिलीने घासत होते, तसं केलं की नाव कागदावर उमटतं. हात थरथरत होता, म्हणून शेजारच्या बाईने कागद दोन्ही बाजूंनी घट्ट धरला होता. भिंतीची डावी बाजू होती ती.