पाव किलो पेढे, आकाशमार्गे

आमच्या गच्चीवर निनाद ड्रोन दोन्ही हातांत धरून स्वतःभोवती फिरत होता. आधी ड्रोन आडवा धरून एक फेरी, मग त्याचं नाक जमिनीकडं करून दुसरी. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या आजी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "याची पण दृष्ट काढतात होय?" मी सांगितलं, आतलं होकायंत्र जुळवतोय, बिल्डिंगमधल्या लोखंडानं ते बिघडतं. "असं व्हय," आजी म्हणाल्या, "मग लिंबू-मिरची नाही बांधत?" तेव्हा मी हसलो होतो.

निनाद माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टचा विषय 'ड्रोनद्वारे घरपोच वस्तू'. प्रयोगासाठी गाव सातारा, वस्तू कंदी पेढे आणि ग्राहक त्याचीच आई, म्हणजे माझी ताई. ती पलीकडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या गच्चीवरून तिची गॅलरी स्पष्ट दिसते. सरळ रेषेत दोनशे मीटर. पायी गेलं तर चार मिनिटं, वाटेत कोणी भेटलं तर पंचेचाळीस.

२०१३ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसनं अमेरिकेत टीव्हीवर सांगितलं होतं, की पाच पौंडांपर्यंतची वस्तू ड्रोननं अर्ध्या तासात घरी येईल. निनाद तेव्हा चौथीत होता. तेव्हापासून तो वाट पाहतोय. मीही पाहत होतो, पण माझं गणित साधं होतं: ड्रोन उडतो, पेढे हलके असतात, ताई घरीच असते. यात अडचण काय येणार?

पहिली अडचण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आली. २०२१ च्या ड्रोन नियमांत वजनावरून वर्ग पाडले आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून दोन किलोपर्यंत मायक्रो, त्याच्या पुढं स्मॉल. मायक्रो हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, स्मॉलला लागतं. आणि हे वजन नुसत्या ड्रोनचं नाही, सामानासकट धरायचं. निनादचा ड्रोन बॅटरी, हुक, दोरी धरून एक किलो सातशे वीस ग्रॅम. पेढे खोक्यासह दोनशे पंच्याण्णव. बेरीज दोन हजार पंधरा.

"मामा, पंधरा ग्रॅम जास्त होतंय."

मी कायद्याचा मान राखणारा माणूस आहे. एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला. एक हजार नऊशे पंच्याण्णव. दुसऱ्याला हात घातला तेव्हा ही म्हणाली, "झालं की आता कायद्यात." मग राहू दिला.

पुढं आम्ही जीपीएसच्या उपग्रहांची वाट पाहत बसलो. रिक्षाची पाहतात तशीच. आठ आले, दहा आले, परत नऊ झाले. चौदा झाल्यावर निनाद म्हणाला, आता जागा बरोबर कळेल. बरोबर म्हणजे किती? तर तीन-चार मीटर इकडं तिकडं. ताईची गॅलरी आठ फुटी आहे. तीन-चार मीटरच्या हिशेबात पेढे ताईकडं, जोशांकडं किंवा दोघांच्या मधल्या ड्रेनेजच्या पाइपावर, कुठंही पोचू शकत होते.

शिवाय सातारचा वारा. चाळकेवाडीच्या पठारावर ज्याच्या जिवावर पवनचक्क्या फिरतात, त्या वाऱ्याला दोन किलोच्या यंत्राचं काय कौतुक! ड्रोन वर गेला आणि एका अंगावर कलून, बसमध्ये उभं राहिल्यासारखा, ताईच्या दिशेनं निघाला. चाळीस सेकंदांत गॅलरीसमोर. मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काम झालं.

काम तिथून पुढंच होतं. परदेशातल्या व्हिडिओत ड्रोन घरामागच्या हिरवळीवर जातो, वरून दोरीनं पुडा सोडतो आणि परत फिरतो. तिथं घराच्या वर आकाश असतं. ताईच्या गॅलरीच्या वर चौथ्या मजल्याची गॅलरी आहे. समोर ग्रिल, ग्रिलला कबुतरांची जाळी, आत दोरीवर पाच माणसांचे कपडे. पुडा वरून सोडायला वाव नाही आणि आडवं आत शिरावं तर पंखे ग्रिलला लागतील. ड्रोन दहा फूट लांब घोंघावत उभा राहिला. त्याच्याखाली पेढ्यांचं खोकं घड्याळाच्या लंबकासारखं झुलू लागलं. खोकं डावीकडं गेलं की ड्रोन उजवीकडं सावरायचा, तेवढ्यात खोकं उजवीकडं. ताईनं जाळी बाजूला सारली आणि कपडे वाळत घालायची काठी बाहेर काढली.

निनादनं फोन लावला. "आई, काठी आत घे!"

"अरे, ओढून घेते ना जवळ."

"आई, तो ड्रोन आहे, कैरी नाही!"

मला या क्षणी आपला नेहमीचा पार्सलवाला पोरगा आठवला. तो खालूनच फोन करतो, "घरात आहात का? नसाल तर वॉचमनकडं ठेवतो." ताई आंघोळीला गेली असेल तर जोशांकडं देतो आणि जोशी बाहेर असतील तर चपलांच्या कपाटात ठेवून वर चप्पल ठेवतो, ओळखू येऊ नये म्हणून. निनादच्या ड्रोनला चपलांचं कपाट शिकवलेलं नव्हतं.

मग ठरलं, गच्चीवर उतरवायचं. गच्चीला आकाश असतं. ताईला फोन केला, वर जा. ड्रोन वीस सेकंदांत गच्चीवर पोचला, पण ताईचे गुडघे तीन जिने चढून अकराव्या मिनिटाला पोचणार होते आणि बॅटरी एकूण पंधरा मिनिटांची. निनाद म्हणाला, उतरवून टाकतो.

चैत्र होता. त्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली शिर्के काकूंकडं होती, कारण गच्चीवर शिर्के काकूंच्या कुरडया होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून, सोऱ्यानं जुन्या साडीवर घातलेल्या. ओल्या असत्या तर साडीला चिकटून बसल्या असत्या. पण त्यांचं तिसरं ऊन होतं, त्या सुटून कागदासारख्या झाल्या होत्या. आणि दोन किलोचं यंत्र हवेत तरंगतं म्हणजे ते त्याच ताकदीनं खाली हवा ढकलत असतं, हे निनादनं मला सकाळीच वहीत आकृती काढून समजावलं होतं.

काकू टाकीच्या सावलीत कावळे हाकायला काठी घेऊनच बसल्या होत्या. मी दुर्बिणीतून पाहत होतो. आधी कुरडया हलल्या. मग पहिली रांग उठली, दुसरी उठली आणि बघता बघता पांढऱ्या जाळीदार चकत्या कठड्यावरून पार्किंगमध्ये उतरू लागल्या. साडी डिश अँटेनाला जाऊन गुंडाळली. "हाऽऽड! हाऽऽड मेल्या!" हा आवाज आम्हाला दोनशे मीटरवर स्पष्ट ऐकू आला. काठी एकदाच बसली. दोन पंखे तुटले.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये २०२१ साली घरट्याच्या काळजीनं कावळ्याच्या जातीचे पक्षी ड्रोनवर तुटून पडले होते आणि तिथली सेवा काही दिवस थांबवावी लागली होती. हे निनादनंच मला सांगितलेलं. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनजवळ एक ड्रोन जेवण घेऊन निघाला आणि विजेच्या तारांवर बसला. दोन हजारांवर घरांचे दिवे गेले, पण वायरमन पोचले तेव्हा डब्यातलं जेवण गरम होतं. निनाद याला पॅकिंगचं यश म्हणतो. इंजिनिअरची नजर ही अशी असते.

तसं ड्रोनचं अगदीच काही चालत नाही असं नाही. रवांडात २०१६ पासून ड्रोन दवाखान्यांवर पॅराशूटनं रक्ताच्या पिशव्या टाकतात. तेलंगणात विकाराबादला २०२१ मध्ये औषधं गेली. आपल्याकडं पोस्टानं कर्जतहून माथेरानला टपाल पाठवून पाहिलं. तिथं गावात आपल्या मोटारी नेता येत नाहीत. पण तिथं डोंगर आडवा येतो म्हणून आकाशातून जायचं. आमच्यात आणि ताईत फक्त एक पिठाची गिरणी आडवी येते. आणि रक्ताच्या पिशवीची वाट बघणारा डॉक्टर अंगणात वाळवण घालत नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. पेढे शिर्के काकूंना दिले, म्हणाली, नुकसानभरपाई म्हणून. खोकं उघडल्यावर काकू म्हणाल्या होत्या, "यात एक पेढा कमी दिसतोय."

नवे पंखे निनादनं ऑनलाइन मागवले. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"काका, गणपतीच्या देवळापाशी आलोय. पुढं कुठं?"

"सरळ ये, पिठाची गिरणी लागेल, तिथून डावीकडं निळं गेट."

"हां हां, कुत्रं आहे तेच ना? आलो."

आला. ओटीपी घेतला, पंख्यांचा पुडा दिला. पाठीवरच्या पिशवीत अजून वीसेक पुडे होते आणि वरचा ताईचा होता, नाव दिसत होतं. म्हटलं, "यांच्याकडं जाणारेस का? मग हे एवढं देशील?" मी त्याच सकाळी आणलेलं पेढ्यांचं खोकं पुढं केलं.

"द्या की. तिकडंच चाललोय. पण मावशी दुपारी झोपतात, जोशी काकांकडं ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं. खोकं पूर्ण पाव किलोचं होतं, त्यानं वजन विचारलं नाही.