गांजा मुरत नाही, उतरतो

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. थोडक्यात असा: काढणीनंतर गांजा बरणीत जितका जास्त ठेवाल तितका त्यातला टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, वाढतो, रंग तपकिरी झाला की माल 'पिकला', जुन्या मालाने झोप छान लागते, फार वाळला तर संत्र्याची साल टाकावी आणि थोडी बुरशी आलीच तर काळजी नको, जळताना ती मरते. वर 'लोणचं मुरतं तसा गांजा मुरतो' हा ठसकेबाज शेरा. आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा बाळगणं हा गुन्हा आहे, तो विषय वेगळा. इथे फक्त या मजकुरातलं रसायनशास्त्र तपासू.

टीएचसी वाढतो, हे आधी घेऊ. फुलोऱ्यावरच्या राळेच्या बारीक ग्रंथींत झाड जे तयार करतं ते बहुतांशी टीएचसी नसतंच, ते असतं टीएचसीए हे आम्ल, आणि त्याची नशा चढत नाही. झाड कापलं की ही निर्मिती थांबते. पुढे उष्णता, उजेड आणि काळ यांमुळे त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी मागे राहतो. आम्लाचा रेणुभार सुमारे ३५८, टीएचसीचा ३१४. म्हणजे रूपांतर अगदी पूर्ण झालं तरी १०० ग्रॅम आम्लातून ८८ ग्रॅमच हाती येणार. बरणीत एकाचं दुसरं होतं, बेरीज वाढत नाही.

मग तपासणीच्या कागदावर टक्केवारी चढलेली का दिसते? पाण्यामुळे. ताज्या फुलोऱ्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. समजा १०० ग्रॅम ओल्या तुऱ्यांत टीएचसीए आणि टीएचसी मिळून ४ ग्रॅम द्रव्य आहे. वाळून वजन २५ ग्रॅमवर आलं. द्रव्य तेच ४ ग्रॅम, पण टक्केवारी ४ वरून थेट १६! हाच पाण्याचा खेळ मुद्देमालातही चालतो. आपल्या कायद्यात गांजाची अल्प मात्रा १ किलोपेक्षा कमी आणि व्यावसायिक मात्रा २० किलोपेक्षा जास्त, त्यामुळे वजनाला फार महत्त्व. छाप्यात तोललेला ओला माल आणि काही महिन्यांनी मालखान्यातून काढून पुन्हा तोललेला तोच माल यांचा मेळ बसत नाही, आणि बचावाचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. कमी भरलेला माल दर वेळी उंदरांनीच खाल्लेला असतो असं नाही.

आता जुना तितका जोरदार. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठ कित्येक दशकं सरकारी संशोधनासाठी गांजा पिकवतं आणि साठवतं. तिथल्या रॉस आणि एल्सोहली यांनी साठवलेल्या मालाची मोजणी केली. साध्या खोलीच्या तापमानाला टीएचसी एका वर्षात सरासरी १७ टक्के उतरला, दोन वर्षांत २७, तीन वर्षांत ३४ ते ३५ आणि चार वर्षांत ४१ टक्के. लंडनमध्ये फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवलं की सगळ्यात मोठा शत्रू उजेड; अंधारात नीट ठेवलेला माल वर्ष-दोन वर्षं बऱ्यापैकी टिकतो. टिकतो, वाढत नाही. आणि मुरवण्याचीच परीक्षा घ्यायची तर चीनमधल्या तुर्फानजवळच्या यांगहाई कबरींत सुमारे २७०० वर्षांपूर्वी पुरलेला ७८९ ग्रॅम गांजा सापडला. कोरड्या हवेत तो इतका छान टिकला होता की हिरवटपणाही शाबूत होता. २००८ साली त्याचं विश्लेषण प्रसिद्ध झालं: टीएचसी नाहीच, प्रामुख्याने त्याच्या विघटनातून उरणारा कॅनाबिनॉल.

वासाच्या बाबतीत मात्र मजकूर लिहिणाऱ्याला थोडं माप द्यावं लागेल. ताज्या वाळवलेल्या मालाला गवताचा वास येतो, तो क्युअरिंगमध्ये, म्हणजे वाळवलेला माल बंद बरणीत मुरायला ठेवतात त्या काळात, निवळतो, धूर कमी बोचरा लागतो. गांजाच्या त्या कुप्रसिद्ध उग्र वासामागे गंधकाची संयुगं आहेत, आणि २०२१च्या एका अभ्यासात त्यातलं मुख्य संयुग क्युअरिंगच्या काळात शिखर गाठताना दिसलं. 'आता जोर चढला' असं लोकांना वाटतं ते इथून. पण साठवणीच्या दहाच दिवसांत ते झपाट्याने घसरलं. बाकीचं सुगंधी तेलही उडतच असतं: मिसिसिपीच्याच मोजणीत आठवड्यात ३१ टक्के आणि तीन महिन्यांत ५५ टक्के गेलं होतं. आधी मिर्सीनसारखे हलके घटक जातात, जड मागे राहतात, म्हणून जुन्या मालाचा वास बोदा होतो. तपकिरी रंग म्हणजे हरितद्रव्य मोडल्याची आणि हवा लागल्याची खूण, जोराची नव्हे.

झोपेचा दावा त्या कबरीतल्या मालात उरलेल्या कॅनाबिनॉलवरच उभा आहे. या द्रव्याची गंमत अशी की गांजातलं हे पहिलं ओळखलं गेलेलं रसायन. १८९६ साली केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी भारतीय चरसातून लालसर तेल काढलं, आणि पुढे कॅनाबिनॉल हे नाव त्यातूनच आलं. खरा नशेचा घटक, टीएचसी, शुद्ध रूपात हाती आला तो थेट १९६४ साली, इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत. लांबच्या प्रवासात चरस शिळा होत असणार आणि म्हणून आधी त्याचा अवशेषच सापडला असणार, असं मला तरी वाटतं. कॅनाबिनॉलची नशा टीएचसीच्या मानाने फारच क्षीण, आणि तो एकटा गाढ झोप आणतो याचा माणसांवरचा पुरावा तुटपुंजा. शिवाय उडालेला सगळा टीएचसी कॅनाबिनॉल होत नाही. जुना माल ओढून सुस्ती आली, तर औषध सापडलं असं समजायचं कारण नाही.

राहिली बुरशी, आणि या मजकुरातला हाच भाग खरोखर घातक आहे. जळतं ते टोक. धूर ओढला जातो न जळलेल्या भागातून, आणि ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू त्याच्यासोबत फुप्फुसात उतरू शकतात. अफ्लाटॉक्सिनसारखी बुरशीजन्य विषं साध्या उष्णतेला दाद देत नाहीत. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाचा दूषित गांजा ओढल्यानंतर ॲस्परजिलसच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद १९८८ साली वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. केमोथेरपी चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या कुणाला हा मजकूर 'वेदनेवर उपाय' म्हणून पुढे ढकलला जात असेल तर विचार करा. कोकणात पावसाळ्यात बंद डब्यातलं पीठसुद्धा सादळतं, आणि तिथे हे लोक बरणीत संत्र्याची ओली साल टाकायला सांगतायत. ओलावा नको तितका वाढतो, सालीवरची बुरशीही सोबत येते, म्हणजे बुरशीला पाट मांडून जेवायला बसवल्यासारखंच.