दहा हजारची पॉवरबँक दहा तास? खुलासा

कोल्हापुरातल्या कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक हिशेब फिरतोय: रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या सर्किट बोर्डावर घरी बनवलेला कॉम्प्युटर एक अँपिअर खातो, म्हणून १०,००० एमएएचची पॉवरबँक त्याला १० तास पुरते. ऐकायला लै भारी, पण हिशेब चुकीचा आहे.

तो १०,००० चा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे ३.७ व्होल्टचा. रास्पबेरी पाय चालतो ५ व्होल्टवर. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास; १० गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना थोडं वाया जातं, हाती साधारण ३१-३२ उरतात. एक अँपिअरला ५ वॉट लागतात, म्हणजे सहा तासांच्या आसपास. स्क्रीन जोडली की आणखी कमी.

आणि तास मोजण्याआधी केबल बघा. राजारामपुरीत रस्त्याकडेला मिळणारी बारीक, लांब केबल लावली की लोड वाढल्यावर व्होल्टेज पडतं. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसतं. बोर्ड खराब नसतो, उगाच बदलू नका. या बोर्डाच्या रास्पबेरी पाय ४ मॉडेलसाठी ३ अँपिअर देणारी पॉवरबँक आणि आखूड, जाड केबल घ्या.

सुटा १८६५० सेल (गोल लिथियम सेल) बोर्डाच्या थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडायचा सल्लाही त्याच मेसेजात आहे. तो पूर्ण चार्ज असला तरी ४.२ व्होल्टच देतो, म्हणजे ४.६३ च्याही खाली.