"त्यांचं नाव सातबाऱ्यावर दाखव"

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर सध्या गायरानाला कुंपण घालायचा वाद पेटलाय. दरवर्षी वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन येणाऱ्या धनगरांनी मग मेंढरं कुठं न्यायची, एवढंच मी विचारलं. चुलतभावाचं उत्तर आलं, "त्यांचं नाव सातबाऱ्यावर दाखव."

मी मेलबर्नला राहतो. इथं 1851 च्या सुमारास टॉमस हॅमने छापलेला एक नकाशा आहे, व्हिक्टोरियातल्या चराऊ पट्ट्यांचा. नदी-ओढ्यांना लागून पट्टे आखलेत आणि प्रत्येकावर कुणा ना कुणा गोऱ्या मेंढपाळाचं नाव आहे. नकाशाच्या पंधरा-सोळा वर्षं आधी यांतला जवळपास कुणीच इथं नव्हता. 1836 साली सरकारी मोजणी अधिकारी मेजर मिचेल या मुलखातून गेला, त्याच्या गाड्यांच्या चाकोऱ्या धरून कळप आले. वर्षाला 10 पौंड भरले की चराईचा परवाना मिळायचा. आणि दगडाचे पाट बांधून हजारो वर्षं ईल मासे पाळणारे इथले मूळ रहिवासी, गुंडिचमारा लोक? त्यांची नावं पट्ट्यांवर नाहीत. परवाना त्यांना नव्हताच.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. इथल्याच योर्टा योर्टा या मूळ रहिवासी लोकांनी आपल्या जमिनीवरचा हक्क कोर्टात मागितला, तेव्हा 1998 च्या निकालात न्यायाधीशांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी साक्षीपेक्षा एडवर्ड कर याच्या लिखाणाला जास्त वजन दिलं. हा कर कोण, तर त्यांच्याच मुलखात मेंढ्या घेऊन घुसलेला गोरा. 2002 साली वरच्या कोर्टातही ते हरले. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

इथं मूळ रहिवाशांच्या कत्तली झाल्या, तसं आमच्याकडे घडलं नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजायच्या नाहीत. पण मिचेल इथं फिरत होता, साधारण त्याच वेळी गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी आमच्याच इंदापुरात जमीन मोजत होते. ती मोजणी सारा बसवण्यासाठी होती. कसणाऱ्याची नोंद झाली, कारण सारा त्याच्याकडून यायचा. चार महिने येऊन पुढं जाणाऱ्याला त्या कागदात रकानाच नव्हता. मग आज त्याच कागदाच्या वारसाकडे, सातबाऱ्याकडे, बोट दाखवून "तुझं नाव कुठंय" विचारणं मला अन्यायाचं वाटतं.

2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य आहे, आणि नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. तो वनजमिनीपुरता आहे, गायरानाला लागू नाही, हे खरं. पण गावाला तीच रीत धरायला कुणाची बंदी आहे?

आमच्या आजोबांच्या रानात मेंढरं बसायची. रात्रभर बसली की सकाळी लेंड्यांनी वाफे काळे दिसायचे, आणि आजी पायलीने ज्वारी मोजून धनगरणीच्या ओच्यात घालायची. हे पाहिलेली चार-पाच माणसं गावात अजून आहेत. कुंपणाचा ठराव होण्याआधी ग्रामसभेने त्यांना बसवावं आणि वाडा कुठल्या वाटेनं यायचा, कुठल्या पाणवठ्यावर थांबायचा, किती दिवस राहायचा, ते लिहून घ्यावं.